उपरण्यातली भिक्षा

पेवाच्या तोंडावरचा दगड बाजूला झाला न झाला, तोच नाथाजीनं आत पाय सोडले. चांदसाहेबानं मागून बंडी धरून त्याला वर ओढलं.

"कंदील कोण सोडंल आधी? तुजा बा?"

हरिपुरात हळदीची पेवं उपसण्यात दोघांची उमर गेली होती. जमिनीतल्या त्या कोंदट खड्ड्यात आधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर हवा वाईट, माणसानं उतरायचं नाही. हे नाथाजीनंच चांदसाहेबाला शिकवलेलं.

"ध्येनात न्हाई आलं," नाथाजी म्हणाला.

"ध्येनात न्हाई, का मुद्दाम उतरत हुतास?"

चांदसाहेबानं काम टाकलं आणि त्याला तसाच धरून सांगलीला डॉक्टरांकडं नेलं.

शहात्तर सालच्या सप्ताहात बुवांनी कीर्तनाच्या शेवटी उपरणं पसरून व्यसनांची भिक्षा मागितली होती. नाथाजीनं खिशातला बिडीचा कट्टा त्यात टाकला. बिडी सुटली ती सुटलीच. पण तिच्यामागून भूक गेली, झोप गेली. बुवांच्या मागं टाळ घेऊन धृपद, अभंगाची फिरून येणारी ओळ, उचलणारा गळा, तोही बसला. माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. बायकोनं, बनुबाईनं, दृष्ट काढली, अंगारे लावले.

"बिडी सोडल्यावर एखाद्याचं मन असं खचतं," डॉक्टर म्हणाले. "हा आजार आहे. या गोळ्या रोज घ्या. गुण यायला दोन-तीन आठवडे जातील. मध्येच सोडू नका."

पण महिना उलटला तरी फरक दिसेना. एका सकाळी चूळ भरताना नाथाजीनं गोळी थुंकली, ती बनुबाईनं पाहिली.

"आवं, ह्ये काय?"

"देवाला एक येसन दिलं, आन् आता दुसरं पोटात घालू? डोकं गुंगतं त्यानं. नशाच की ती. बुवांम्होरं कुठल्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?"

बनुबाई भांडली नाही. बुवा पुन्हा सप्ताहाला आले, तेव्हा कीर्तनाआधीच ती गोळ्यांची पुडी घेऊन त्यांच्यापुढं गेली. पेवापासून सगळं सांगितलं. मागं नाथाजी मान खाली घालून उभा.

बुवांनी पुडी हातात घेऊन उलगडली.

"मी बिडी मागितली होती, नाथाजी. तुला नव्हतं मागितलं. घेतली, अन् मागं वळून विचारलं नाही बघ, तुझं कसं चाललंय." त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी पुढं केलं. "घे. पांडुरंगाला सांगतो, मी दिली म्हणून."

नाथाजीनं गोळी गिळली.

संध्याकाळी तो टाळकऱ्यांत उभा राहिला. बुवांनी अभंगाचा चरण म्हटला आणि धृपदासाठी त्याच्याकडं पाहिलं. नाथाजीचे ओठ हलले. आवाज आला नाही. शेजारच्यानं ओळ उचलायला तोंड उघडलं, तसा बुवांनी हात आडवा केला. मृदंग थांबला. सगळा मंडप थांबला. बुवा डोळे मिटून, हात तसाच आडवा धरून, वाट बघत उभे राहिले.