बशीची घासलेली कड

४ फेब्रुवारी. सकाळी थंडी, हवा कोरडी, अकरानंतर ऊन.

मी बगळा बोलतोय. ओढ्याकाठी मासे टिपणारा नव्हे. मी सळई, जाळी, सिमेंट आणि फुटक्या कपबशांचा बगळा. वरची माझी जन्मतारीख. तिच्या शेजारी हवामान आलं ते मुरारीभाऊंच्या सवयीमुळे. ते रोज वहीत तारीख लिहितात आणि लगेच हवा लिहितात, कारण दमट हवेत सिमेंट उशिरा धरतं आणि कडक उन्हात त्याला भेगा जातात. लिहिताना ते पुटपुटतात. त्यामुळे मला वाचता येत नसलं तरी वही पाठ आहे.

चिखलीत त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी घडलो. भाऊ सव्वीस वर्षं एका कंपनीत तपासनीस होते. गाड्यांचे छोटे छोटे भाग पट्ट्यावरून यायचे. भाऊ प्रत्येकाला माप घ्यायचा व्हर्निअर लावायचे आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने चुकला तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचे. लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट. मग कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. भाऊ, त्यांचा व्हर्निअर आणि लाल रंगाची डबी इथेच राहिली.

फुटक्या टाइलचे पक्षी करायला त्यांना कुणी शिकवलं नाही. पहिली चिमणी बदकासारखी झाली होती, असं त्यांच्या पत्नी पुनमवहिनी अजून हसून सांगतात. पण भाऊ चिकाटीचे. बदकानंतर पोपट झाला, पोपटानंतर घुबड. आळंदी रस्त्याला रविवारी चादर टाकून ते विकायला बसायचे. लोक हात लावून बघायचे, "फुटक्याचं केलंय होय!" म्हणायचे आणि पुढे जायचे. काही घ्यायचेही.

माझ्या अंगाचा कच्चा माल नवाबभाईंनी आणला. कुदळवाडीत त्यांचं भंगाराचं दुकान आहे. चाकणच्या एका कंपनीने कँटीनमधले चिनी मातीचे कप काढून कागदी कप आणले, तेव्हा सहा पोती पांढरे तुकडे नवाबभाईंच्या टेम्पोतून शेडपाशी उतरले.

"मुरारीभाऊ, सारी दुनिया भंगार विकते," नवाबभाई घाम पुसत म्हणाले. "तुम्ही एकटे भंगार पोसता!"

"पोसत नाही, निवडतो."

"हां, निवडा. रिश्ता जमवल्यासारखं एकेक बघता राव तुम्ही."

ते खरंच होतं. चिमट्याने तुकडा तोडायचा, कड हाताने चाचपायची, उजेडात धरायचा. बारीक चीर असली, चकाकी गेली असली की लाल ठिपका, आणि तुकडा निळ्या बादलीत. माझं अंग कँटीनच्या कपांचं. चोच कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या पिवळ्या टाइलची. डोळा लोणच्याच्या बरणीच्या तपकिरी तुकड्याचा. पाच फूट उंची. मी मान वर करून उभा होतो आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

अभिमान वाटायला कारणही होतं. निगडी प्राधिकरणातल्या एका सोसायटीने मला आधीच मागून घेतलं होतं. बागेत छोटं तळं होतं, त्यात मी उभा राहणार होतो. शेजारी दगडी पाटी, पाटीवर भाऊंचं नाव. सेक्रेटरी आबाजी फोनवर विचारायचे, "मुरारीराव, पाटीवर नुसतं मुरारी लिहायचं की पुढे शिल्पकार लावायचं?"

भाऊ लाजायचे. "नुसतं नाव पुरे हो." फोन ठेवल्यावर मात्र वहीच्या मागच्या पानावर 'शिल्पकार' हा शब्द लिहून बघायचे. चार वेळा लिहिलेला मी ऐकलाय.

९ मार्च. ढगाळ, वारा नाही.

त्या दिवशी शालनबाई आल्या. दोन घरं सोडून राहतात. रोज दुधाची पिशवी घेऊन परतताना शेडच्या दारात दोन मिनिटं टेकायची त्यांची सवय. त्या दिवशी पदराची गाठ सोडून त्यांनी फुटक्या बशीचे सहा तुकडे फळीवर मांडले. कडेला सोनेरी रेघ, एका बाजूला गुलाबाचं फूल.

"ह्यांची बशी," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातनं पडली बघ, धुताना. दोन वर्सं जपली आन् पडली."

ह्यांची म्हणजे उद्धवरावांची. ते कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. दोन वर्षांपूर्वी गेले. चहा ते नेहमी बशीतूनच प्यायचे. भुर्रकन आवाज यायचा, तो म्हणे शेजारच्या घरात ऐकू जायचा.

"सृष्टी म्हणती, फुटकं घरात ठिवू न्हाई," शालनबाई म्हणाल्या. सृष्टी म्हणजे त्यांची सून. "तिचं बी खरंच हाय, समदी तसंच म्हणत्यात. पण मुरारी, टाकवत न्हाई रं. म्हनलं, तुज्याकडं फुटक्याला जागा हाय. एखादा तुकडा तरी दिसंल असा लाव ह्या पाखराला. जाता-येता बघीन."

"मावशी, पण हा निगडीला जाणार."

"मग काय झालं? बस जाती की निगडीला."

भाऊंनी हात धुऊन तुकडे उचलले. "गळ्यापाशी लावतो, मावशी. सगळ्यांच्या नजरेत येईल."

"तूच बघ. तुला कळतंय त्यातलं."

त्यांना नातीच्या बाळंतपणासाठी आळंदीला जायचं होतं. महिना-दीड महिना येणार नव्हत्या.

त्या दुपारी भाऊंनी सहा तुकडे पाण्यात घालून घासले, फडक्यावर वाळवले, भिंग लावून पाहिले. पाच चांगले होते. गुलाबाचा तर अप्रतिम. सहाव्याच्या कडेवरचं सोनं बोटाच्या पेराएवढ्या लांबीत पार उडालं होतं आणि खालची चकाकीही मेली होती. भाऊंनी त्यावर अंगठा फिरवला. जागा खरखरीत लागली. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. डबी उघडली, लाल ठिपका दिला, तुकडा निळ्या बादलीत टाकला.

मला अजून तो आवाज आठवतो. टक्.

गुलाब माझ्या गळ्यावर आला, बाकीचे चार छातीवर. रिकाम्या राहिलेल्या जागी भाऊंनी दुसऱ्या बशीची तशीच सोनेरी कड शोधून इतकी जुळवून बसवली की सांधा नखालाही लागत नाही. वहीत लिहिलं: "शालनबाईंची बशी. काम उत्तम."

१७ मार्च. ऊन, हवा कोरडी.

माझा पाया ओतला. तोवर मी तीन बांबूंच्या तिकाटण्याच्या आधाराने उभा होतो. पायांच्या सळया पत्र्याच्या साच्यात सोडल्या आणि वहिनींनी काँक्रीट कालवलं. खडी कमी पडली. वहिनींनी निळी बादली उचलून साच्यात उपडी केली. रिजेक्ट एरवीही असेच भरीला जायचे. भाऊ माझी मान ओळंब्यात धरून उभे होते, त्यांची पाठ होती. मी मात्र पाहिलं. तो लाल ठिपक्याचा तुकडा माझ्या डाव्या पायाशी, सळईला चिकटून, ओल्या काँक्रीटमध्ये बुडाला.

मग भाऊंनी मला पाणी मारलं. सकाळ-संध्याकाळ, गोणपाट ओलं ठेवून, एक दिवस न चुकता. पाया दगडासारखा झाला.

२२ एप्रिल. कडक ऊन, वारा नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला सोसायटीचा टेम्पो येणार होता. सकाळीच शालनबाई आल्या, आळंदीहून कालच परतल्या म्हणाल्या. हातात दुधाची पिशवी, चेहरा पणतवंडाच्या आनंदाने भरलेला.

"आगं बया, केवढा झालाय!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जवळ येऊन गळ्यावरच्या गुलाबावर बोट ठेवलं. बोट छातीवरच्या सोनेरी कडेवर आलं. हळूहळू सरकलं. शेवटाला पोहोचलं, परत फिरलं. पुन्हा एकदा गेलं. त्या काहीतरी शोधत होत्या, आणि ते कुठे आहे हे त्या शेडमध्ये एकट्या मला माहीत होतं.

"समदं लावलंस?"

"सगळं!" भाऊ उत्साहाने म्हणाले. "एक तेवढा पार घासलेला होता, मावशी. सोनं उडालेलं. तो काढून टाकला. त्याच्या जागी कोरा लावलाय. ओळखून दाखवा कुठला ते!"

शालनबाईंचं बोट तिथेच थांबलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "बरं केलंस. झाक दिसतंय." आणि वळून निघून गेल्या. दुधाची पिशवी फळीवरच राहिली.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"अहो, ती जागा कशाने घासली असेल?"

"कशाने म्हणजे? वापराने."

"कुणाच्या वापराने? उद्धवराव बशी कशी धरायचे, पाहिलंय ना तुम्ही? गुलाब अंगठ्याखाली. रोज. म्हणजे ओठ रोज त्याच जागी. चाळीस वर्षं ओठ लागून सोनं गेलं ते." वहिनींचा आवाज खाली आला. "तुम्ही चांगले चांगले लावलेत हो. त्यांना तेवढाच एक पाहिजे होता."

भाऊ खाली बसले. बराच वेळ उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने चोळत राहिले. मग उठून निळ्या बादलीकडे गेले. तिच्यात महिन्याभरातले नवे तुकडे होते. त्यांनी ती पालथी केली, प्रत्येक तुकडा पाहिला. तसेच उठून सायकलवर कुदळवाडीला गेले, कधी काही भंगारात गेलं असेल म्हणून. तासाभराने नवाबभाईंना बरोबर घेऊनच परतले.

"पुनम," त्यांनी विचारलं, "मार्चमधली बादली कुठे गेली?"

वहिनींनी माझ्या पायांकडे पाहिलं. तेवढ्याने भाऊंना कळलं.

"राहू द्या भाऊ," नवाबभाई म्हणाले. "उद्या टेम्पो येतोय. तुमच्या नावाची पाटी तयार आहे. म्हातारीला सांगा, तुकडा याच्या आतच आहे. झूट तर नाही ना ते?"

"झूट नाही," भाऊ म्हणाले. "पण तिच्या हाताला लागणार नाही."

"पाया फोडला तर हा उभा राहील का?"

"नाही राहणार."

"मग?"

भाऊंनी खाली बसून काँक्रीटवर अंगठा फिरवला. मी तेव्हा काय म्हटलं, ते आज सांगतो, कारण तेच माझ्या मनाला लागून राहिलंय. मी मनात म्हटलं, नको. मला तळं हवं होतं. मुलं "बगळा बघ, बगळा!" म्हणतील, ते हवं होतं. शालनबाईंची आठवण माझ्या पायात तशीच राहिली असती तर माझं काय बिघडलं असतं? बोलता येत असतं तर मी भाऊंना थांबवलं असतं. बोलता येत नाही तेच बरं, असं एरवी मी कधी म्हटलं नाही.

भाऊंनी छिन्नी आणि हातोडी आणली. माझ्या मानेला पोतं गुंडाळून नवाबभाईंनी मला मिठीत धरलं. पहिल्या पाच घावांनी नुसती पूड उडाली. पाणी मारून पिकवलेलं काँक्रीट ते.

"अरे, काय बनवलंय हे!" नवाबभाई ओरडले. "बिल्डर लोकांना शिकवा जरा!"

भाऊ घाव घालत राहिले. वहिनी शालनबाईंना बोलवायला गेल्या, जाताना दुधाची पिशवी घेऊन गेल्या.

आता मी शेडच्या भिंतीला टेकून असतो. डावा पाय गुडघ्यापासून नाही, खाली चार विटा लावल्यात. सोसायटीच्या तळ्यात फायबरचा डॉल्फिन बसवलाय म्हणे, तोंडातून पाणी उडवतो. आबाजींचा फोन आला नाही. संध्याकाळी पवना नदीकडून खरे बगळे घरी परततात, शेडवरून जातात. त्यांना माझ्याकडे बघायला सवड नसते.

भाऊ अजून पक्षी करतात. लाल डबी मात्र माळ्यावर गेली. कुणी घरातलं फुटकं घेऊन आलं की ते आधी एकच विचारतात, "ह्यातला कुठला?" माणूस बावचळतो, मग बोट ठेवतो, आणि बहुतेक वेळा ते बोट कुरूप तुकड्यावरच असतं. तुम्हीही कुणाचं काही जोडायला घ्याल, तेव्हा एवढं विचारा. माझ्यासाठी उशीर झाला, पण विचारलेलं ऐकलं की मला बरं वाटतं.

त्या दुपारचं उरलेलं मी माझ्या शब्दांत सांगत नाही. भाऊंनी वहीत लिहिताना जे पुटपुटलं तेच सांगतो.

"२२ एप्रिल. कडक ऊन, वारा नाही. बगळ्याचा पाया फोडला. डावा पाय तुटला. रिजेक्ट तुकडे एकशे अठ्ठ्याऐंशी निघाले. शालनबाईंचा सापडला. छिन्नीखाली त्याचे तीन भाग झाले, एकाचा चुरा. लाल ठिपका थिनरने पुसला. घासलेली कड शिल्लक, अकरा मिलिमीटर. शालनबाईंनी ती पदराला बांधून घरी नेली."