फॉर्मवरचं ‘नाही’

नीलिमाने फॉर्मवरच्या ‘नाही’ला गोल केला आणि घाईघाईने पेनला टोपण लावलं. टोपण दोनदा निसटलं.

प्रश्न तसा साधाच होता. दमा, साखर, मिरगी, हृदयविकार, यांपैकी काही आहे का? पण तात्यापारा भागातल्या या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर रीना बसली होती, आणि रीना राहायची त्यांच्याच रेल्वे कॉलनीत, दोन क्वार्टर सोडून. तिला सकाळी कळलं की संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालंच म्हणून समजा. आणि शेजारच्या खुर्चीवर तर खुद्द दीक्षाच बसली होती.

दीक्षाला मिरगी होती. झटके झोपेतच यायचे, वर्षातून दोन-तीनदा. सकाळी उठल्यावर जीभ चावलेली असायची, बाकी पोरीला काही आठवायचं नाही. पहिल्याच वेळी सासूबाईंनी, अंजनाबाईंनी, निकाल देऊन टाकला होता: जगाले सांगायचं नाही आन् पोट्टीलेही नाही, उद्या तिचं लग्न करायचं हाय. तेव्हापासून गोळ्या ‘ताकदीच्या’ झाल्या. नीलिमा त्या पाकिटातून काढून टॉनिकच्या जुन्या डबीत भरायची. पोरगी अकरावीत गेली, चार वर्षं झाली, तरी नीलिमा तिच्या पाठीवर हात ठेवूनच झोपत होती.

आत डॉक्टर शिशिर यांनी टेबलावर दातांचे तीन नमुने मांडले. एकावर धातूच्या चकत्या आणि तार. दुसऱ्यावर तसंच, पण चकत्या दातांच्या रंगाच्या, पटकन दिसू न येणाऱ्या. तिसरं म्हणजे प्लास्टिकचं पारदर्शक कवच, हवं तेव्हा काढा, हवं तेव्हा घाला. दीक्षाने तेच उचललं.

“मुझे यही चाहिए, सर,” ती म्हणाली. घरीदारी ती हिंदीतच उत्तर द्यायची.

डॉक्टरांची हरकत नव्हती. समोरचे दोनच दात एकमेकांवर चढलेत, कवचाने सरळ होतील, म्हणाले. जेवताना आणि ब्रश करताना तेवढं काढायचं.

“रात्री पण घालायचं?” नीलिमाने विचारलं.

“रात्री तर हवंच.”

नीलिमाच्या डोळ्यांपुढे रात्र उभी राहिली. झोपेत आवळलेला जबडा, तोंडातला फेस, आणि ते प्लास्टिक सुटून घशात. तिने विचारलं, हे मोडतं का? क्वचित, डॉक्टर म्हणाले. निसटतं का? सहसा नाही. त्या ‘सहसा’ने तिचा धीरच सुटला.

“धातूचीच लावा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी नवलाने पाहिलं. मुलींच्या आया बहुतेक उलटंच सांगतात. नीलिमा मग कारणं देत सुटली. ही फार विसराळू हाय. डबा शाळेत विसरते, हे तं दोन दिवसांत हरवीन. धातूचं मजबूत असते. बोलताना तिचं तिलाच कळत होतं की यातलं एकही टिकणारं नाही. एरवी दीक्षाने शब्दाला शब्द वाढवला असता. आज ती कवच तळहातावर ठेवून नुसती आईकडे बघत राहिली, आणि नीलिमाला त्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, घालायचं तिला आहे, तर तिचंही ऐकू या. मग फॉर्मवर नजर टाकली.

“आजार काही नाही. मग काळजीचं कारण नाही.”

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर रीना कुणाचं तरी नाव पुकारत होती. नीलिमा उठली, दार लावलं, आणि परत येऊन खुर्चीवर न बसता तिची पाठ धरून उभी राहिली.

“डॉक्टरसाहेब, मी खोटं लिहिलं. हिले झोपीत झटके येतात. मिरगी हाय.”

लेकीकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही. आता ही रडेल, नाहीतर उठून निघून जाईल, असं तिला वाटलं. डॉक्टर रागावले नाहीत. सांगितलंत ते बरं केलंत, म्हणाले, आणि कवच उचलून खणात ठेवून दिलं. मग, गोळी कोणती चालू आहे, हे त्यांनी विचारलं. काही गोळ्यांनी हिरड्या सुजतात.

“ते पाकीट घरी...” नीलिमा चाचरली.

“लेव्हेटिरासिटाम,” दीक्षा म्हणाली. “पाचशे. सकाळ-संध्याकाळ.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. “शेवटचा झटका कधी आला?”

“दिवाळीच्या आधी. उठली तं चादर बदललेली होती,” दीक्षाच म्हणाली, हिंदी सोडून आईच्या बोलीत.

डॉक्टर म्हणाले, मग दातांच्या रंगाच्या चकत्याच बऱ्या. त्या चिकटवलेल्या असतात, झोपेत निसटत नाहीत, आणि उद्या डोक्याचा एमआरआय करायची वेळ आली तर धातूसारखा फोटो खराब करत नाहीत. दीक्षाने मान हलवली. दुसरा नमुना तिने कधीचाच आपल्यापुढे ओढून घेतला होता.

नीलिमा खाली बसली.

“तुले माहीत होतं?”

“दोन वर्षं झाले. कचऱ्यात पाकीट सापडलं होतं.”

“मंग ते काढायवालं काहून मागून राहिली होती?”

“तू सांगते का नाही, ते पाहून राहिली होती.”

“आन् मी नसतं सांगितलं तं?”

दीक्षा उठली आणि तिने दार उघडलं.

बाहेर आल्यावर नीलिमाने डॉक्टरांकडून मागून आणलेला फॉर्म रीनासमोर काउंटरवर ठेवला. काय राहिलं काकू, म्हणत रीना वाकून बघू लागली. नीलिमाने ‘नाही’ खोडलं. ‘मिरगी’ लिहायला तिने पेन इतक्या जोरात टेकवलं की कागदच सरकायला लागला. दीक्षा पुढे झाली आणि तिने कागद दोन्ही हातांनी काउंटरवर दाबून धरला.