कातरबाईचा खांदा

तयार कपडे घ्यायची तेव्हा फारशी पद्धत नव्हती. गल्लीतल्या निम्म्या अंगांवर एकाच शिंप्याच्या दुकानातला कपडा असे. शिवायचा नवरा, पण बेतायची आणि कापायची बायको. सगळे तिला कातरबाईच म्हणत. एकदा फळीवरून कापडाचं ठाण काढताना ती स्टुलावरून पडली आणि उजव्या खांद्यालगतचं, गळ्याखालचं हाड मोडलं. कात्री धाकट्या जावेच्या हाती गेली.

जाऊ कामाला वाघ, आणि जीभही तशीच.

"ताई, तुम्ही आता आरामच करा. कात्री माझ्या हाताला छान बसलीय."

कातरबाईच्या मनात आलं, कात्री गेली तर या दुकानात आपण कोण? चहाचे कप विसळणारी?

नवऱ्याचा मात्र जीव तुटत होता. हात गळ्यात अडकवायची दवाखान्यातली झोळी टोचते म्हणताच त्याने मऊ अस्तराची नवी शिवली, चष्म्याला खिसासुद्धा ठेवला. झोळी जरा सैलावली, की हा टेप घेऊन हजर. "थांब, इथे ढिली पडलीय," म्हणत टाके घालून घट्ट करी. हाडाचाच शिंपी तो!

पुढे डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला. "हाड उत्तम जुळलंय. मग हात वर का जात नाही? झोळी मागेच सोडायला सांगितली होती ना?"

"सोडणारच होते, पण यांनी ती इतकी झकास बसवलीय..."

"बाई, ही झोळी नाही, हाताची कोठडी आहे!"

घरी येताच तिने डाव्या हाताने झोळी टराटरा उसवली. नवरा कळवळला, "अगं, अस्तर चांगलं होतं!"

"त्याची उशी शिवा. आणि माझ्या हाताची कीव केलीत तर खबरदार!"

मग रोज ती भिंतीसमोर उभी राही आणि बोटं मुंगीसारखी वर चढवी. खांदा ठणके, डोळ्यांत पाणी येई.

"भिंत पडेल हो, ताई!"

"पडली तर तुझ्याच अंगावर पाडीन."

डॉक्टरांनी कात्री धरायची मुभा दिली, त्या दिवशी जावेने कोटाचं जाड कापड घड्या घालून टेबलभर पसरलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये थांबलात, तर कात्री माझी."

"कबूल."

कात्री करकरत निघाली. मध्यावर खांद्यातून कळ आली. तिने दात आवळले आणि हात आणखी पुढे टाकला. नवऱ्याचं मशीन थांबलं. शेवटची घडी कापली गेली, तेव्हा खडूची रेघ अगदी मधोमध दुभंगली होती.

"घ्या, जिंकलात!" जाऊ म्हणाली. "आता मी काय करू?"

"टेबलाला दुसरी बाजू नाही का? स्वतःची कात्री आण."

एवढं बोलून कातरबाईने आपली कात्री उजव्या हाताने थेट डोक्यावर उंच धरली आणि दुकान दणाणेल एवढी हसली.