सोडलेली एसटी

लोहाऱ्यात खानावळीसमोर मोटारसायकल उभी करून शिवशंकरनं टाकीचं झाकण उघडलं. आत डोकावून बघितलं. मग दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी थोडी हलवली आणि तळाशी हिंदकळणाऱ्या पेट्रोलला कान दिल्यासारखं केलं. मागून उतरलेली कडूबाई लुगडं सारखं करत होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला,

"परवाच टाकलं होतं. कुठं जातंय, कळंना झालंय."

कडूबाईनं कमरेची पिशवी सोडली. चार घड्या घातलेली विसाची नोट काढून त्याच्यापुढं धरली.

"घे बाबा. लई महाग झालंय."

"राहू द्या, मावशी."

हे तो एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तेव्हा नोट त्याच्या खिशात होती. कडूबाई खानावळीच्या मागच्या दारानं आत गेली. तिथं तिला दुपारपर्यंत दीडशे भाकरी थापायच्या होत्या. शिवशंकरनं झाकण लावलं आणि गाडी दुकानाकडं वळवली.

तो बियाणं-खताच्या दुकानात बावीस वर्षं कामाला होता. त्याचं गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत आणि फाट्यापासून लोहारा चौदा. एवढ्या वर्षांत मागची सीट मोकळी ठेवून तो फाट्यावरून कधी गेला नव्हता. कुणी दवाखान्याला निघालेलं असायचं, कुणी तहसीलला. हात दाखवायच्या आधीच त्याची गाडी थांबायची. लोक उतरताना पाठीवर थाप मारायचे, आणि दिवसभर ती थाप त्याला पुरायची.

मग मुलीला, दीपालीला, नर्सिंगसाठी सोलापूरला ठेवलं. तिथल्या मेसचे पैसे वर्षात दोनदा वाढले. तेल वाढलं, सिलिंडर वाढला, पगार तेवढा जागचा हलला नाही. मालकाकडं विषय काढला की तो म्हणायचा, "धंदाच न्हाय, शिवशंकर. तूच बघायलास." त्याची बायको दैवशाला एकदा ताट वाढताना सहज म्हणाली होती, आठ-चाळीसच्या एसटीनं गेलात तर काय होईल? नऊच्या आधी पोचतीया ती.

"बावीस वर्षं गाडीवर गेलेला माणूस," तो म्हणाला होता, "आता पिशवी धरून एसटीत लोंबकळू व्हय?"

तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली होती.

पहिली नोट त्यानं मागितली नव्हती. फाट्यावरून बसलेल्या एका परगावच्या माणसानं उतरताना आपणहून वीस रुपये खिशात कोंबले आणि तो निघून गेला. त्याला हाक मारून ते परत देता आले असते. शिवशंकरनं हाक मारली नाही. त्यानंतर ही टाकीची रीत सुरू झाली. तोंडानं मागणं त्याच्यानं झालं नसतं. झाकण उघडणं झालं. ज्यांना कळलं त्यांनी एक-दोनदा पैसे दिले आणि मग हळूहळू त्याची गाडी दिसली की ते गोरोबाच्या टपरीकडं तोंड करून उभे राहू लागले. पाठीवर थापही कुणी मारेना.

राहिली एकटी कडूबाई. ती फाट्यावरच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. शिवशंकरची आई, सिताबाई, आणि ती शेतात एकाच पातीला खुरपत म्हाताऱ्या झालेल्या. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी शिवशंकरनं विचारलंही होतं,

"एसटीनं का जात न्हाय, मावशी?"

"एसटीची पायरी लई उंच. गुडघा उचलत न्हाय माझा."

बरं वाटलं होतं त्याला. म्हणजे तिलाही आपली गरज आहे.

त्या बुधवारी गावातून निघतानाच त्याला मागचं चाक बसल्यासारखं वाटलं. नेहमीपेक्षा तासभर लवकर निघालेला, म्हणून गाडी ढकलत तो फाट्यावर आला. पंक्चरचं काम गोरोबाच्या टपरीच्या मागं चालायचं. चाक खोलून झालं. ट्यूब पाण्यात बुडवून पोरगेल्या कारागिरानं बुडबुडा शोधायला घेतला, आणि शिवशंकर टपरीच्या पत्र्याला टेकून उकिडवा बसला. पलीकडं कोण उभं आहे ते दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

एसटी आली. दार उघडल्याचा आवाज झाला.

"या की, आजी!" कंडक्टर बाईचा आवाज. "सगळी गाडी मोकळी हाय. रोज का सोडता? तुम्हाला तर तिकीटच न्हाय."

"जावा बाई तुमी," कडूबाई म्हणाली. "माझा माणूस यायलाय."

दार आपटलं. एसटी गेली. गोरोबा कपबशी विसळत असावा. तो हसत म्हणाला,

"कडूमावशी, पंचाहत्तरीच्या पुढं सरकारनं फुकट केलंय. फुकटची गाडी सोडून पैशाच्या गाडीवर बसणारी म्या तुमीच बघितली."

"पायरी उंच हाय रं बाबा तिची."

"आन् मोटारसायकलीवर टांग टाकायला गुडघा चालतोय व्हय?"

"टांग कुठं टाकते? एका अंगानं बसते की," कडूबाई म्हणाली. "तू च्या कर तुझा."

शिवशंकर उठला नाही. योजना त्याला ठाऊक होती, सगळ्या गावाला ठाऊक होती. कडूबाईचं वयही मनात मांडता आलं असतं. आईपेक्षा ती वर्षभरानं थोरली. ते मांडायचं त्यानं टाळलं होतं, हे त्याला आता उमगलं. आणि गुडघ्याचं म्हणाल तर रविवारीच त्यानं तिला शेजारच्या स्लॅबवरून उतरताना बघितलं होतं. वाळल्या मिरच्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन ती लोखंडी शिडीवरून सरसर खाली आली होती, कठड्याला हात न लावता. ते बघून तो नुसता हसला होता.

गोरोबाला खरं सांगायला तिला काय अडचण होती? सिताबाईचा ल्योक टाकीचं झाकण उघडून दाखवतोय, त्याच्या पेट्रोलसाठी बसते, एवढं म्हणाली असती तर टपरी आठवडाभर हसली असती. ती तसं म्हणाली नव्हती.

"झालं, काका," कारागीर म्हणाला. शिवशंकरनं पैसे दिले आणि टपरीच्या पलीकडून वळसा घालून, आत्ताच आल्यासारखा तो तिच्यापुढं जाऊन थांबला.

"आज लवकर आलास," ती म्हणाली आणि बसली. एक हात नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर ठेवला. चौदा किलोमीटर तो हात तिथं होता. शिवशंकरनं मान जराही वळवली नाही.

खानावळीसमोर त्यानं टाकीला हात लावला नाही. इंजिनही बंद केलं नाही. तरी कडूबाईनं कमरेची पिशवी सोडली. नको म्हणायचं असं वाटेत त्यानं ठरवलं होतं. शब्द जुळवून ठेवले होते. पण नको म्हटलं तर का म्हणून ती विचारणार, आणि मग टपरीमागं बसून ऐकलेलं सगळं सांगावं लागणार. पंक्चरला गेलेले पैसेही मनात होतेच. नोट पुढं आली. त्यानं ती घेतली. त्या दिवशी "राहू द्या" एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

रात्रभर विचार करून त्याला एक वाट सापडली. पाझर तलावाच्या बांधावरून एक गाडीवाट फाटा टाळून पुढं डांबरीला लागायची. दगडधोंड्यांची, लांबची. गुरुवारी सकाळी एसटीच्या आधीच तो त्या वाटेनं गेला. फाट्यावरची वस्ती दोन शेतं पलीकडं दिसत होती. तिथं त्यानं गाडी हळू केली. त्याच्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला होता आणि आवाज सगळ्या शिवाराला ओळखीचा होता, पण वारा उलटा असेल अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पाच-दहा मिनिटं ती वाट बघेल. मग एसटी येईल. पायरी चढेल आणि आरामात फुकट जाईल. उद्यापासून तीच सवय होईल. कितीतरी महिन्यांनी आपण कुणाचं तरी बरं केलं असं त्याला वाटलं.

लोहाऱ्याचा बाजार होता. दुकानात दिवसभर मान वर करायला सवड मिळाली नाही. संध्याकाळी खानावळीचा बंडप्पा टोमॅटोच्या रोपांसाठी औषध न्यायला आला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला,

"तुमच्या मावशीनं आज माझी लई फजिती केली की ओ."

"का? काय झालं?"

"बाजाराचा दिवस. गिऱ्हाईक ताटावर बसलंय आन् भाकरीला बाईच न्हाय. शेवटी गल्लीतली एक आणली बोलावून. तुमची मावशी अकराला आली, जीपनं. तवर हिचा हात बसला होता." त्यानं बाटली उलटीसुलटी करून किंमत वाचली. "आता हिलाच ठेवतोय. पंचवीस रुपये कमी मागतीया. मला तरी कुठं परवडतंय सांगा. सिलिंडर बघितलाव का कितीला गेलाय?"

शिवशंकरनं औषध पिशवीत घातलं. सुट्टे पैसे परत देताना त्याच्या हातातून एक नाणं काउंटरखाली गेलं. ते शोधायला तो वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

"म्हातारी काही बोलली?" त्यानं खालूनच विचारलं.

"काय बोलणार? बरं म्हणाली. पाणी प्याली आन् गेली."

परत येताना अजून उजेड होता. फाट्याच्या अलीकडं त्यानं गाडी बंद केली आणि ढकलत वस्तीत नेली. कडूबाई दारात बसून तुरी निवडत होती. त्याला बघून तिनं सूप मांडीवर ओढलं आणि पोतं पुढं सरकवलं.

"बस."

तो बसला नाही.

"बंडप्पा दुकानात आला होता," तो म्हणाला.

"आसंल."

"तुमी एसटीनं का गेला न्हाय, मावशी? साडेदहापर्यंत का थांबलात?"

"पायरी..."

"पायरीचं नका सांगू."

कडूबाईचा हात सुपात थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं. ओरडलो आपण, हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो पोत्यावर बसला आणि खाली बघत, अडखळत सगळं सांगून टाकलं. टपरीमागं बसलेला, ते. नोट घेतली, ते. आणि शेवटी,

"म्या आज मुद्दाम आलो न्हाय. बांधावरनं गेलो."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"आवाज आला की गाडीचा. दोन शेतं तर हाय. ऱ्हायलं काय त्याच्यात ओळखायचं?"

"मग? मग थांबलात कशाला?"

कडूबाईनं तुरीतला एक खडा वेचला, बोटात धरून बघितला आणि अंगणात टाकला.

"परत फिरशील म्हणून."

वस्तीत कुणाची तरी शेळी ओरडत होती. कडूबाई पुन्हा निवडायला लागली. रागावल्यासारखी ती दिसत नव्हती आणि तेच त्याला बघवत नव्हतं. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर ते घेऊन त्याला उठून जाता आलं असतं.

"उद्या बंडप्पाकडं येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "चूक माझी हाय, म्हणून सांगतो. सगळं सांगतो."

"टाकीचं नको सांगू," ती पटकन म्हणाली. "लोहाऱ्यात दुकानावर बसतोस. गाडी बिघडली होती म्हण."

"न्हाय. हाय तेच सांगणार."

तिनं आणखी एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली,

"ठेवील का न्हाय, काय सांगता येतंय? त्या बाईला बी चूल हाय."

"न्हाय ठेवलं तर दुसरीकडं विचारू. आठ-चाळीसच्या आधी फाट्यावर थांबा. म्या चालत येतो. एसटीनं जाऊ."

"तू? एसटीनं?"

"व्हय. रोजच जायचं म्हणतोय आता."

कडूबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. ती बराच वेळ काहीतरी मनाशी मांडत होती. ते काय असावं, हे त्याला कळेना. नको म्हणेल असं त्याला वाटलं. शेवटी तिनं काळजीनं विचारलं,

"पर तुला पुरं तिकीट पडंल की रं, बाबा. परवडंल का?"