शेवाळाचं माहेर

विजूदादाचा पुढचा दात मी पाडला, हे खरं आहे. गल्लीत सांगून राहिलेत की मी त्याला दगड हाणला, ते मात्र खोटं. मी त्याचा घोटा धरून ओढला आणि तो तोंडावर वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर आदळला. कबड्डीत याला घोट्याची पकड म्हणतात, आणि यंदा तालुक्याच्या संघात माझी निवड याच पकडीवर झाली.

आमचं सेनगावात खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मागच्या खोलीत सोमेश्वरकाकाचं खाऱ्या पाण्याचं काचेचं टाकं. काका आठ वर्षं मुंबईला माशांच्या दुकानात कामाला होता, परत येताना समुद्राचा तुकडाच घेऊन आला. वरच्या टाक्यात केशरी पट्ट्यांचे दोन मासे. त्याच्याखाली दुसरं छोटं टाकं, त्याला काका 'माहेर' म्हणतो. तिथं हिरव्या सुतळीच्या गुंताड्यासारखं समुद्री शेवाळ असतं. त्यात बारीक किडे मजेत राहतात, कारण खाणारे मासे वर. माशांची घाण पाण्यात विरघळते, पाणी खाली येतं, शेवाळ ती घाण पिऊन वाढतं, आणि मोटर स्वच्छ पाणी वर चढवते. शेवाळ मेलं की मासे मेले. इतका साधा हिशोब.

काकाला मुतखड्याच्या ऑपरेशनला नांदेडला जायचं होतं. घरात सगळे म्हणाले, टाकं विजूकडं दे. विजूदादा म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, बावीस वर्षांचा, दुकानात बसतो.

"सृष्टी बघंल," काका म्हणाला.

"तिला शाळा हाय," जनकाबाई म्हणाली, म्हणजे विजूदादाची आई, माझी थोरली आई.

"म्हणूनच. येळ पाळती ती," काका म्हणाला.

मला आजवर घरात कोणी म्हशीचं दावंसुद्धा सोपवलं नव्हतं. आठ दिवस. काका येईपर्यंत ते शेवाळ हिरवं राहिलं पाहिजे, बाकी मला काही नको होतं.

आणि मी ते राखलं. रोज गुंताडा उलटा करायचे, नाहीतर तळाला उजेड पोचत नाही आणि तो खालून कुजतो. तिसऱ्या दिवशी मूठभर खुडलं, बाकीच्याला वाढायला जागा झाली. टाक्यातलं पाणी उडून जातं पण मीठ मागं राहतं, म्हणून जारचं गोडं पाणी मग्ग्यानं हळूहळू ओतायचं, काकानं मारलेल्या रेघेपर्यंत.

पाचव्या दिवशी हिंगोलीला सामने होते. सकाळी जीप दारात उभी. मी विजूदादाला म्हटलं, "रेघेपर्यंत जारचं पाणी टाकशील तेवढं?" मोबाइलमधून डोकं न काढता तो "हं" म्हणाला. आम्ही जिंकलो, उशिरा परत आलो आणि मी टाक्याकडं न बघताच झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून येऊन बघते तर शेवाळ पांढरं. हात लावला तर बोटांत लगदा आला. वर दोन्ही मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होते. टाक्याशेजारी पाठीवरचा फवारणीचा पंप उभा होता.

"दादा, पाणी कशानं टाकलं?"

"पंपानं. तू मग्गा-मग्गा ओतत बसती येड्यावानी. दांडा दाबला, दोन मिनिटात काम."

"तणनाशकाचा पंप?"

"तीनदा धुतला की."

आमच्याकडं सगळे हेच करतात. सोयाबीनवर तणनाशक मारायचं, पंप खळखळून घ्यायचा आणि त्याच पंपानं कपाशीवर औषध. कपाशीची पानं कोकडली की शिव्या बियाण्याला. तो पंप वेगळा ठेवा म्हणून बाबा गिऱ्हाइकांना सांगून थकतात, आणि विजूदादा रोज त्यांच्या शेजारीच बसलेला असतो.

"काहून तोंड पाडलं? शेवाळच तर हाय. तणच ते."

मी त्याला ढकललं. पहिला हात माझा, हेही खरं.

त्यानं अशी थोबाडीत दिली की कानात शिट्टी वाजली. मग वेणी धरली आणि माझं तोंड मांडणीवर आपटलं. औषधाच्या बाटल्या खाली कोसळल्या, नाकातून रक्त ओठांवर आलं. लहानपणी तो मारायचा तेव्हा मी डोकं हातांत घालून बसायचे, तो दमेपर्यंत. या वेळी खाली बसले ती त्याच्या घोट्यासाठी. तो पडला, दात गेला.

उठला तो पंपाची पितळी नळी उपसूनच. पहिला वार मी डाव्या हातावर घेतला. मनगटात वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुसरा वार माहेरावर. काच फुटली, खारं पाणी खोलीभर पसरलं आणि तो पांढरा लगदा माझ्या पायांवर येऊन पडला. तिसऱ्यांदा नळी वरच्या टाक्यावर उगारली, तेव्हा मी त्याच्या दंडात दात रोवले. तो माझ्या पाठीत गुद्दे घालत राहिला. तोंडात रक्त आलं तरी मी सोडलं नाही. शेवटी नळी हातातून पडली.

टाक्यात एक मासा तळाशी आडवा झाला होता. दुसऱ्याचे कल्ले अजून हलत होते.

"पिण्याच्या पाण्याचा निळा ड्रम आण," मी म्हटलं. "आन् जार आण."

तो तळहातावरचा दात बघत उभा राहिला. मग गेला आणि आणलं. कदाचित त्यालाही काकाची भीती असेल. मी त्याला समुद्री मिठाचं पाकीट फोडायला लावलं, काठीनं हलवायला लावलं. "त्यात थुंकू नको," एवढंच बोलले.

थोरली आई आली आणि दारातच भिंतीला टेकली. "हात बघ तुझा. दवाखान्यात चल."

"आधी मासा."

पाणी तयार झाल्यावर मासा जाळीनं उचलून ड्रममध्ये सोडला, दादाला बादलीत उद्याचं मीठ-पाणी हलवायला बसवलं आणि काकाला स्पीकरवर फोन लावला. पाणी तयार होईपर्यंत खूप वाक्यं सुचली होती, सगळी विजूदादाच्या नावानं. पण काका "बोल" म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "पाणी मी टाकलं न्हाई. मी खेळायला गेले, दादाला सांगितलं. कसं टाकायचं ते सांगितलं न्हाई. आल्यावर बघितलं पण न्हाई. शेवाळ गेलं, माहेर फुटलं, एक मासा मेला."



"दुसरा?" काकानं विचारलं.

"ड्रममध्ये हाय. नवं पाणी केलं."

"मीठ मोजलं?"

"मोजलं. जरा कमी हाय."

"अजून अर्धी मूठ टाक, थोडं थोडं. शेवाळ मी मुंबईहून मागवतो, चार दिस लागतील. तोवर रोज निम्मं पाणी बदलायचं. जमंल?"

"एक हात मोडलाय."

काका हळू म्हणाला, "कुणी मोडला?"

विजूदादानं काठी थांबवली. तोंडाला धरलेला रुमाल लाल झाला होता.

"ते आल्यावर सांगते," मी म्हटलं. "दुसऱ्या हाताचं काम दादाकडून करून घेते."

आणि त्याला खुणेनं सांगितलं, हलव.