मामंजींची कमान

माझ्या नवऱ्याला, म्हणजे काकासाहेबांना, काहीही सांगा, ते मान डोलावतात. ऐकत मात्र नाहीत. पवनचक्कीच्या कंपनीचे ऋषीसाहेब उन्हाळ्यात रस्ता मोजायला आले, तेव्हा चहा पिता पिता त्यांनी यांना बजावलं होतं, "शहागडकडून एकेका लांब गाडीवर एकेक पातं येईल. फाट्यापासून माळापर्यंत रस्त्यात नवीन काही उभं करू नका." यांनी मान डोलावली. आणि पोळा झाल्यावर नेमक्या फाट्याच्या वळणावर कमान बांधायला घेतली.

बरं, साधीसुधी नाही. दोन्ही बाजूंना सिमेंटचे जाडजूड खांब, खांबांवर सिंह, आणि मधोमध सोनेरी अक्षरांची पाटी, 'कै. भागवतराव स्मृती प्रवेशद्वार'. भागवतराव म्हणजे माझे सासरे. पवनचक्कीच्या उद्घाटनाला मोठी माणसं येणार, त्यांना गावात शिरताना आधी वडलांचं नाव दिसलं पाहिजे, असा यांचा हट्ट.

"अहो, साहेब काय सांगून गेल्ते? रस्त्यात काही करू नका म्हणले ना?"

"रस्त्यात कुठं करून राह्यलो मी? कमान वर असती, दैवशाला. खाली रस्ता मोकळाच हाये की!"

आता या माणसापुढं कुणी किती डोकं फोडावं?

पवनचक्की होणार होती ती आत्याबाईंच्या माळावर. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दुर्गाबाई. त्यांचं माहेर शेजारच्याच गावातलं. भाऊ नसल्यामुळं आमच्या शिवेला लागून असलेला बापाचा माळ त्यांच्या नावावर आला. त्यात कुसळापलीकडं काही उगवलं नाही. मामंजींनी त्यावरून जन्मभर टोमणे मारले. पाहुणे बसलेले असोत, पंगत असो, एकच पालुपद. "हिच्या बापानं दिलं काय? धोंडे अन् वारा." आत्याबाई हसण्यावारी न्यायच्या, पण त्यांना ते फार लागायचं. मामंजी गेल्यावरसुद्धा माळाचा विषय निघाला की त्या उठून आत जायच्या.

अशात ऋषीसाहेब घरी येऊन म्हणाले, "आजी, तुमच्या माळासारखा वारा या भागात दुसरीकडं नाही. कोळसा जाळायचा नाही, काही नाही. नुसत्या वाऱ्यावर वीज होणार."

"धूर बिलकुल न्हाई?" चुलीपुढं जन्म गेलेल्या आत्याबाईंनी विचारलं.

"बिलकुल नाही."

"अन् राख?"

"तीही नाही."

तेव्हापासून संध्याकाळ झाली की त्या काठी टेकत माळावर जायच्या आणि पवनचक्कीचा काँक्रीटचा पाया बघून यायच्या. येताना चेहरा असा, जसं काही बारशाला जाऊन आल्या.

दिवाळीनंतर पहिलं पातं आलं. आमची अख्खी गल्ली संपेल, पण ते पातं संपायचं नाही. गाडी फाट्यावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं कमान पाहिली आणि तंबाखू मळायला घेतली.

ऋषीसाहेब धावत आले. "काकासाहेब, हे काय आहे?"

"स्वागत!" हे शाल आणि नारळ घेऊन पुढं झाले.

ऋषीसाहेबांनी कपाळावर हात मारला. त्यांनी समजावून सांगितलं की गाडी वळताना पात्याचं शेपूट बाहेर फेकलं जातं, आणि ते जिथून जाणार तिथंच खांब उभा आहे. तोवर मागं घनसावंगीची बस अडकली, तिच्यामागं जीपगाड्या, आणि सगळ्यांचे हॉर्न सुरू झाले. साहेबांनी फोन लावला. वरून हुकूम आला, "हे पातं पुढच्या गावच्या पायावर न्या. तुमच्या तिथलं नंतर बघू." नंतर बघू म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

हे पळतच चतुराबाईंकडं गेले. फाट्याला लागून त्यांचा ऊस आहे. कोपऱ्यातला थोडा मोडू द्या, गाडी तिथून वळेल, भरपाई देतो, म्हणाले.

चतुराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुमच्या वडलानं आमची शेताची वाट अडवल्ती. तहसीलला चकरा मारून मारून माझ्या मालकाच्या चपला झिजल्या. अन् आता त्याच्याच कमानीपायी मी माझा ऊस मोडू? चला, निघा!"

मला मान वर करवेना. बाई एक शब्द खोटं बोलली नव्हती.

"पाडा मंग कमान," मी यांना म्हणाले.

"वडलांचं नाव हाये तिच्यावर. लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"अन् आईचा माळ? तो तसाच पडू द्यायचा?"

यांनी मान डोलावली! हातातला नारळ हिसकावून यांच्याच डोक्यात फोडावा, इतका संताप आला मला.

तेवढ्यात काठी टेकत आत्याबाई आल्या. गाडीच्या कडेनं चालत गेल्या, पात्यावर हात फिरवला. मग कमानीखाली येऊन वर बघत उभ्या राहिल्या.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतेत," त्या म्हणाल्या. "ह्यांची मेल्यावर बी गेली न्हाई. आजून वाट अडवूनच राह्यले."

सगळ्यात आधी चतुराबाई हसल्या. मग बसमधली माणसंही.

"आई, आगं..."

"तू गप. माळावरचा जेसीबी बोलाव. अन् आधी ती पाटी काढ. जपून काढ, कोपरा बी फुटला न्हाई पाह्यजे."

हे मुकाट्यानं शिडीवर चढले. पाटी घेऊन खाली आले तेव्हा यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वैतागातही मला यांची दया आली.

"देवघरात ठिवू का, आई?"

आत्याबाईंनी पाटीवरची धूळ पदरानं पुसली. अक्षर न् अक्षर पुसलं.

"देवघरात कशाला? माळावर लाव, चक्कीच्या समोर. बसू दे त्यांना तिथं बघत. माझ्या बापानं काय दिल्तं ते."