टेबलावर चढलेले सर

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. धुळाजी सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवले आणि बैलगाडीत घालून युसूफ वडगाव या गावाजवळच्या एका शाळेत आणून सोडले. तेव्हापासून मी सातवीच्या वर्गात उभे आहे.

आमचे धर्मराज सर माझ्यावर थाप मारत आणि वर्ग चिडीचूप होई. गावात त्यांच्या शिस्तीचे कौतुक होते. मीही मनातल्या मनात फुलून जाई.

एकदा सरांनी सांगितले, "मोठा आणि छोटा दगड एकाच उंचीवरून सोडला, तर मोठा आधी पडतो."

आम्रपालीने उठून कारण विचारले. "कावून, सर? टाकून बगू का?"

थाप पडली. खडूची पेटी उडाली. "मी सांगतोय ना? खाली बस! परत असलं विचारायचं न्हाई."

ती बसली.

दिवाळीनंतर तपासणीला एक बाई आल्या. त्यांनीही दगडांचेच विचारले, कोणता आधी पडेल?

"मोठा!" सारा वर्ग ओरडला.

"कशावरून?"

पोरे सरांच्या तोंडाकडे पाहू लागली. बाईंनी आम्रपालीला उठवले. ती खालमानेने म्हणाली, "आमच्या वर्गात असं विचारायचं न्हाई, बाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेचा नियम सांगावा, तसे तिने सांगितले. बाई पुढच्या वर्गात गेल्या.

मधल्या सुट्टीत सर माझ्यावर कोपरे टेकून बसले होते. डबा उघडलाच नाही. थापेसरशी निघणाऱ्या माझ्याच आवाजाची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सर एक मोठा आणि एक छोटा दगड घेऊन आले, चप्पल काढून माझ्यावर चढले. कुणाला हसावे की नाही कळेना.

"मी न बघताच सांगितलं होतं," सर म्हणाले. "आम्रपाली, तुला गप्प बसवलं. माझं चुकलं, पोरी."

मग त्यांनी दगड सोडले. दोन्ही एकदमच आदळले.

"बघितलं? आता लिहून घ्या."

वह्या उघडल्या. आम्रपाली मात्र चाचरत उठली.

"सर, एकदाच टाकलंय. अजून एकदा बगू का?"

मित्रांनो, जपायचेच असेल तर मला, या जुन्या टेबलाला नको, असे विचारणाऱ्याला जपा.

सर खाली उतरले. दगड तिच्या हातात देत म्हणाले, "चढ."

ती चढली तेव्हा माझा एक पाय डुगडुगू लागला. सर जमिनीवर बसले आणि तो दोन्ही हातांनी धरून राहिले.